पठारचा चातुर्मास

सरोजिनी चुरी यांनी वसईच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता पन्नाशीला आली, कुणाला टक्कल पडलं, कुणाला नातवंडं झाली. पण लग्नकार्यात बाई समोर आल्या की अजूनही चहाचा कप खाली ठेवून उभी राहतात. कारण बाई कुशल विचारायच्या आधी काय विचारतील याचा नेम नसतो. "काय रे, आरोह पाऊस कुठे पडतो?" असं भर मांडवात विचारलेलं आहे. उत्तर चुकलं तर आहेराचं पाकीट हातात देताना बाईंचा चेहरा पडलेला असतो.

अशा बाई सत्तराव्या वर्षी सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्या. एकट्या नाही. यजमान गेल्यावर मुलगा उन्मेष वर्षभर मागे लागला होता, "आई, तू तिकडे एकटी नको." बाईंनी एकच अट घातली. "येते. पण पठार येणार."

पठार म्हणजे कुत्रा. अस्सल गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक कान मनात येईल तसा. पिल्लू असताना तो चारी पाय पसरून अंगणात असा सपाट पडायचा की बाईंनी लगेच नाव ठेवून दिलं. पुढे सहा महिन्यांत त्याचा ज्वालामुखी झाला. घंटा वाजली की उडी, कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरात धाव, "बाहेर" हा शब्द नुसता कुणी बातमीत उच्चारला तरी दाराशी धिंगाणा. पण नाव पडलं ते पडलं.

"आई, मला इथे आणायला कंपनीला जेवढे कागद लागले ना, त्याच्या तिप्पट तुझ्या पठारला लागले," उन्मेष विमानतळावर म्हणाला. तो जुरोंग आयलंडवर रसायनांच्या कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, तेव्हा कागद म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. पठारच्या मानेत चिप बसली, रेबीजची तपासणी झाली, परवाना आला, महिनाभर क्वारंटाइन झालं. मग एका सकाळी तो बुकित बातोकच्या कॉन्डोत दाखल झाला आणि लिफ्टची टिंग ऐकून पहिली उडी त्याने शेजाऱ्यांच्या भाजीच्या पिशवीवर मारली.

पहिल्याच भेटीत इथल्या जनावरांच्या डॉक्टर टेओंनी एक डबा हातात ठेवला. बारा गोळ्या. डासांपासून कुत्र्यांना एक जंत होतो, तो थेट हृदयात जाऊन बसतो, म्हणून दर महिन्याला एक गोळी, चुकवायची नाही. उन्मेषची बायको भार्गवी जुरोंग ईस्टला बँकेच्या ऑफिसात असते. तिने तिथल्या तिथे फोनवर आठवण लावली आणि डबा सासूबाईंच्या हवाली केला.

बाईंना हे नवीन नव्हतं. वसईच्या डॉक्टरांनीही अशीच गोळी दिली होती. पण ते म्हणाले होते, "बाई, पावसाळ्याचे चार महिने द्या, बास झालं." बाईंनी ते आपल्या पद्धतीने बसवून घेतलं. चार महिने म्हणजे चातुर्मास. आषाढीला पहिली गोळी, कार्तिकीच्या सुमाराला शेवटची. त्या स्वतः चातुर्मासात कांदा-लसूण सोडत, पठार डास सोडे. एकदा तर त्यांनी शेवटच्या गोळीच्या दिवशी त्याला पुरणाची पोळी घालून उद्यापनही केलं होतं.

तेच त्यांनी सिंगापुरात चालू ठेवलं. बारा महिने गोळ्या हे त्यांना औषधवाल्यांचं काम वाटलं. महिन्याच्या एक तारखेला भार्गवी ऑफिसातून फोन करी, "आई, पठारची गोळी?"

"झालं हो ते," बाई म्हणत. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्या "दिली" असं कधी म्हणाल्या नाहीत. एक गोळी डब्यातून काढून त्या सुपारीच्या डबीत ठेवत, पुढच्या चातुर्मासासाठी. म्हणजे डबा वेळच्या वेळी रिकामा होई आणि डबी वेळच्या वेळी भरत जाई.

आता यात गंमत अशी की खाली लॉबीत डेंगीचा लाल फलक जानेवारीतही लागलेला होता. दर गुरुवारी धूर मारणारा माणूस यायचा, तो बारा महिने. बाई स्वतः रोज सकाळी कुंड्यांच्या बशा उपड्या करायच्या आणि शेजारणीलाही करायला लावायच्या. दुपारी चार वाजता आभाळ भरून यायचं, धो धो कोसळायचं, पाचला पुन्हा ऊन. गच्चीत उभं राहून बाई समाधानाने मान हलवायच्या. पुस्तकात लिहिलंय अगदी तसं. फक्त भिंतीवर जे कॅलेंडर टांगलं होतं ते मुंबईहून आलेलं होतं, आणि पठारचं औषध त्या कॅलेंडरप्रमाणे चालत होतं.

मे महिन्यात पठारचे दात साफ करायचे ठरले. भूल देण्याआधी रक्त तपासतात, ते डॉक्टर टेओंनी काढलं आणि थोड्या वेळाने बाई नि भार्गवीला आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर रक्तपेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होतं. एक नाही, चार-पाच. बारीक दोऱ्याचे तुकडे जिवंत व्हावेत तसे.

"ह्या अळ्या," डॉक्टर म्हणाल्या. "ह्यांचे आईबाप शरीरात कुठेतरी आहेत. कुठे, हाच मोठा प्रश्न. हृदयात असतील तर अवघड आहे."

अवघड म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. पाठीच्या स्नायूत खोल इंजेक्शनं. फार दुखतात. जंत मेले की त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकू शकतात, म्हणून कित्येक महिने कुत्र्याला पिंजऱ्यात, पळणं नाही, उड्या नाहीत. त्यातूनही सगळे वाचतात असं नाही.

"पण एक विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "हृदयातल्या जंताची चाचणी मी आत्ताच केली, ती निगेटिव्ह आली. ती कधीकधी फसते. मी नमुना लॅबला पाठवते, दहा-बारा दिवस लागतील. तोवर तो हृदयातलाच आहे असं समजा. त्याला शांत ठेवायचं. मासिक गोळी नियमित होती ना?"

"एकही चुकली नाही," भार्गवी अभिमानाने म्हणाली. "आमच्या आई बघतात."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाईंनी पडद्याकडे बघितलं. अळ्या वळवळत होत्या. तोंड उघडायची ती वेळ होती, हे त्यांना कळलं. त्यांनी पठारच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याची दोरी घेऊन त्या उठल्या.

घरी आल्यावर शांततेचा कारभार उन्मेषने हाती घेतला. कारखान्यात स्फोट होऊ नये म्हणून जे जे करतात ते सगळं त्याने घरात केलं. दारावर कागद लागला, 'घंटा वाजवू नये'. दुसरा कागद फ्रिजवर, पठारला उडी मारायला लावणाऱ्या गोष्टींची यादी. सकाळी कंपनीच्या बसला जायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून त्याने सूचना दिल्या. "कुकर बंद. सामान मागवायचं नाही. लिफ्टमधून नेताना कान झाकायचे. 'बाहेर' हा शब्द वापरायचा नाही."

"मग काय म्हणायचं?" बारा वर्षांच्या इराने विचारलं.

"क्षेत्रभेट म्हण," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांत पठारला क्षेत्रभेटही कळायला लागली.

उघड्या पातेल्यात भात शिजू लागला, कधी गिच्च, कधी कच्चा. भार्गवी घरून काम करायची त्या दिवशी मीटिंगमध्ये कुजबुजत बोलायची. पलीकडच्या साहेबाने घाबरून विचारलं की घरी कुणी आजारी आहे का. "आमचा पठार," ती म्हणाली, आणि तेच पुन्हा एकदा इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. इरा मोजे घालून फरशीवरून सरकत चालायची. आणि पठार? इतकी माणसं इतक्या हळू का वागतायत याचा त्याला इतका संशय आला की तो दिवसभर उभ्या कानाने पहारा देऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे दोन्ही कान एकदम उभे राहिले.

शेवटी बाईंनाच उपाय सापडला. त्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि वर्गातल्या आवाजात सुरू झाल्या, "दख्खनच्या पठारावरील मृदा. काळी मृदा ही बेसॉल्ट खडकापासून..." दोन मिनिटांत पठार आडवा. तिसऱ्या मिनिटाला घोरू लागला. एकतीस वर्षांचा अनुभव होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा सहावी 'ब'चा तासही असाच जायचा.

पण तो झोपला की बाईंचा आवाज हळूहळू बंद पडे. झोपेत त्याच्या बरगड्या वरखाली व्हायच्या आणि त्या तिथे बघत राहायच्या, जणू आत कुणी बसलंय ते वरून दिसेल. सुपारीच्या डबीत आठ गोळ्या होत्या. पहिली फेब्रुवारीची, शेवटची जानेवारीची. मधल्या चार महिन्यांच्या तेवढ्या पठारच्या पोटात गेल्या होत्या. यंदाच्या फेब्रुवारीत आणलेला दुसरा डबा तर अजून उघडलाच नव्हता. आपण आपल्या हाताने त्याच्या हृदयात जंत घातले, असंच त्यांना वाटू लागलं. सुपारी खायचं त्यांनी सोडलं.

सातव्या दिवशी चैत्राली आली. ही खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुंबईची मुलगी, विद्यापीठात डास आणि माश्यांनी पसरणाऱ्या परजीवींवर पोस्टडॉक करते. इतके दिवस बाई तिला "तुझे किडे काय म्हणतात?" एवढंच विचारायच्या. आज त्यांनी तिला खुर्ची दिली, पोहे दिले, वर चहा दिला.

"काकू, घाबरू नका लगेच," चैत्राली म्हणाली. "रक्तात अळ्या दिसल्या म्हणजे हृदयातलाच जंत असं नाही. हत्तीरोगाच्या जंताचे हे सगळे भाऊबंद. कुठल्या भागात कोण राहतो ते ठरलेलं असतं साधारण."

"ठरलेलं म्हणजे?" बाईंनी मान वर केली.

"म्हणजे आपल्याकडे आसाम-मिझोरामकडे हृदयातला जास्त सापडतो. केरळपासून वर आपल्या किनाऱ्यापर्यंत दुसरा असतो, तो कातडीखाली राहतो. लेहकडे अजून तिसरा, तो तर डासांनी नाही, पिसवांनी जातो. युरोपात भूमध्य समुद्राच्या बाजूला गेलात तर डास राहिले बाजूला, वाळूमाशी चावते आणि वेगळाच आजार देते. डास कुठला, ऊब किती महिने टिकते, पाणी कुठे साचतं, त्यावर सगळं."

बाईंनी नकळत टेबलावर बोटाने भारताची किनारपट्टी काढली. एकतीस वर्षं त्यांनी या नकाशात कापूस भरला, ताग भरला, मँगनीज भरलं. जंत कधी भरले नव्हते. "हे पुस्तकात का नाही?" त्या म्हणाल्या. "पोरांनी आवडीने पाठ केलं असतं."

"म्हणून पठार कुठून आला ते महत्त्वाचं आहे. पण तुमच्या डॉक्टरांना एका गोष्टीने कोड्यात टाकलं असणार. गोळी दर महिन्याला चालू असताना अळ्या आल्या कशा? औषधाला न जुमानणारा जंत असेल तर ते वेगळंच प्रकरण. मग उपचारही जरा कडकच सुरू करतील."

"कडक म्हणजे?"

"इंजेक्शनं वगैरे. लवकर."

बाई उठल्या. कपाटातून सुपारीची डबी आणली आणि चैत्रालीच्या पोह्यांच्या बशीशेजारी उपडी केली. आठ गोळ्या घरंगळल्या.

"चातुर्मासातच द्यायचे मी," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात डास असतात म्हणून."

चैत्रालीने बोटाने एकेक गोळी मोजली. खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या इराने हेडफोन काढला आणि ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली,

"आजी! इथे पावसाळा नसतो लाह! इक्वेटर!"

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाली.

"रोज पडतो पाऊस. तूच मला शिकवलंस. टेस्टमध्ये आलं होतं. तू म्हणालीस, विषु... ते काय ते..."

"विषुववृत्तीय प्रदेशात बारमाही आरोह पाऊस पडतो," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोन गुण."

असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. फळ्यापाशी उभं राहून उत्तर देणारं मूल नेहमी दुसरं असायचं.

"मम्मीला सांगितलंस?" इराने विचारलं.

"नाही."

"अय्यो, आजी."

संध्याकाळी भार्गवी आली. पायातले बूट निघायच्या आत बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं. चातुर्मास, डबी, "झालं हो ते", सगळं. भार्गवीने एक बूट हातात धरून ऐकलं.

"म्हणजे मी दर एक तारखेला फोन करत होते..."

"हो."

"आणि तुम्ही गोळी सुपारीत ठेवत होतात."

"वाया नको म्हणून."

"आई, गेल्या आठवड्यात मी त्या डॉक्टरीणबाईंसमोर छाती पुढे काढून सांगितलं हो! आमच्या आई बघतात म्हणून!" तिचा आवाज चढला. पठार दोन्ही कान उभे करून बाहेर आला, तशी ती एकदम कुजबुजीवर उतरली आणि उरलेलं भांडण तसंच कुजबुजत केलं. "मुलाची रात्रपाळी असली की डायबेटिसच्या गोळीची आठवण तुम्ही रात्री बाराला फोन करून देता. आणि ह्याचं मात्र पंचांग!"

"बोल तू. बोल अजून."

"बोलणारच आहे. पण आधी क्लिनिक बंद व्हायच्या आत फोन करते." तिने दुसरा बूट काढला नाही तो नाहीच; एका पायात बूट घालून लंगडत ती फोनपाशी गेली.

डॉक्टर टेओ फोनवर रागावतील असं दोघींना वाटलं होतं. त्या रागावल्या, पण अर्धाच मिनिट. मग त्यांना एकदम उत्साह चढला. "म्हणजे औषध दमलेलं नाही! बरं झालं सांगितलंत. मी परवापासून इंजेक्शनांची तारीख बघत होते. आता लॅब काय म्हणते ते येईपर्यंत थांबते. मॅडम, हा कुत्रा आधी नेमका कुठे राहायचा? गाव? समुद्राजवळ?"

भार्गवीने फोन सासूबाईंकडे दिला.

"वसई," बाई म्हणाल्या. त्या विषयावर त्यांना शब्द कमी पडत नाहीत. त्यांनी अक्षांश सांगितले. खाडी कुठून येते ते सांगितलं. केळीच्या वाड्या, प्रत्येक वाडीत विहीर, पाटाचं पाणी, मिठागरं, भरती-ओहोटी.

"आणि डास फक्त पावसाळ्यात?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

 संध्याकाळी केळीत शिरलं की कानाशी येणारी ती गुणगुण बाईंना आठवली. मार्गशीर्षातली. फाल्गुनातली. माघात गणपतीला आरती म्हणताना एक टाळी आरतीला आणि एक पिंढरीवर, असं चाललेलं असायचं.

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "बाराही महिने."

म्हणजे चातुर्मास तिथेही चुकलाच होता.

उरलेले दिवस घरात मुकाट्याने गेले. बाईंना कुणी काही बोललं नाही, तेच त्यांना जड गेलं. उन्मेषने रात्री जेवताना एकदाच म्हटलं, "आई, आमच्याकडे असं झालं तर लेखी अहवाल लागतो." त्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखर एक फुलस्केप लिहून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. घटना, कारण, उपाय. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'शिक्षिकेने स्वतःचा धडा वाचला नाही'. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गिच्च भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

बाराव्या दिवशी क्लिनिकमधून बोलावणं आलं. बाई पठारच्या दोरीला असं धरून बसल्या होत्या की बोटं पांढरी पडली. डॉक्टर कागद घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हृदयातला नाही."

बाईंनी दोरी सैल सोडली.

"कातडीखालचा आहे," डॉक्टर सांगत होत्या. "तुमच्या किनाऱ्यावरचा. त्याने तिथे कधीतरी घर केलंय, बहुधा दोन-तीन वर्षं तरी झाली. इथे मी असा पहिल्यांदाच बघतेय. त्याच्या कमरेवर बारकी गाठ आहे, बघा, बहुतेक तीच." त्यांनी बाईंचं बोट धरून जागा दाखवली. बाईंनी ती गाठ कैक वेळा कुरवाळली होती. वसईचे डॉक्टर म्हणाले होते, चरबी आहे.

"इतके कागद तपासले," भार्गवी म्हणाली, "आणि ह्या पाहुण्याला पास कुणी विचारलाच नाही."

"इंजेक्शनं?" बाईंनी विचारलं.

"ती नकोत. मानेवर घालायचं औषध, दर महिन्याला. सहा महिन्यांनी रक्त बघू. हृदयातल्यापासून बचावही त्यातच होतो. तो एवढे महिने इथल्या डासांच्या तावडीतून सुटलाय, हे मात्र त्याचं नशीब, तुमची हुशारी नाही. आणि हे दर महिन्याला म्हणजे..."

"बाराही," बाई म्हणाल्या. "फेब्रुवारीसकट."

"शांत ठेवायची गरज नाही आता. पळू दे त्याला."

परत येताना कॉन्डोच्या मागच्या झाडीपाशी पठार थबकला. समोर गवतात रानकोंबड्यांचं एक कुटुंब पाय झाडत चाललं होतं. भार्गवीने सवयीने त्याचे कान झाकायला हात पुढे केले.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या.

पठारने एकदा त्यांच्याकडे बघितलं. बारा दिवसांत शिकलेलं सगळं विसरायला त्याला तेवढंच पुरलं. तो सुटला, आणि दोरीचं दुसरं टोक सत्तरीच्या बाईंच्या मनगटाला गुंडाळलेलं असल्यामुळे बाईही सुटल्या. कोंबड्या उडाल्या. पहाऱ्यावरचा सिक्युरिटी अंकल केबिनमधून हात हलवत बाहेर आला. "आंटी! आंटी! नो रनिंग!"

"डॉक्टरांनी सांगितलंय!" बाई धावता धावता मराठीतच ओरडल्या. एक चप्पल गवतात राहिली, ती भार्गवीने उचलली आणि हसू आवरत ती त्यांच्या मागे निघाली.